के-अकरा

तुझी-माझी गाठ पडली ती गाठीमुळेच, सावाती.
तू पेइप्सी तळ्याकाठचा, कांदे लावणाऱ्यांचा पोर.
गुडघ्यामागं लिंबाएवढं काहीतरी,
दुखत नव्हतं म्हणून दोन हंगाम
तोच पाय फावड्यावर दाबत राहिलास.
सही करताना म्हणालास, "ठेवा. मला कुठं लागतेय."
आणि तुझ्या आईनं, उल्यानानं,
कांद्याची एक लांब वेणी माझ्या टेबलावर ठेवली,
मुक्कामाला राहणाऱ्या लेकराचा शिधा द्यावा तशी.

तार्तूला पोचलं तेव्हा ते डबीत मावत होतं.
आता अठ्ठावीस बाटल्या झाल्या.
दर तिसऱ्या दिवशी मी गुलाबी पाणी बदलते.
बाटलीवर तुझं नाव नाही, नियम आहे,
पण हात ओळखतो.

आत काय घडलंय ते कधीचंच ठाऊक आहे:
अठरावं गुणसूत्र तुटलं, एक्सही तुटलं,
आणि मोडकी टोकं एकमेकांत अडकून बसली.
कुणी न ठरवलेली सोयरीक.
त्या जोडप्याला धरायला कुठं खाच नाही, कंगोरा नाही,
औषध त्यावरून घसरतं, ओल्या साबणावरून बोट घसरावं तसं.
रीहो म्हणतो, त्या दोघांचा नाद सोडा.
हा संसार कुणाच्या उधारीवर चाललाय
ते शोधा.

मग उधारी देणाऱ्यांची यादी:
त्रेपन्न ताटल्या, प्रत्येकीत तीनशे चौऱ्याऐंशी खळगे,
प्रत्येक खळग्यात तुझ्याच पेशी
आणि एकेका खळग्यात एकेक जनुक मुकं केलेलं.
नऊ दिवस थांबायचं.
खाली एमायगी नदी काठाकडून गोठत आली.

पहिल्या खेपेला पी-चोवीसमध्ये सगळं मेलं.
रीहोनं केक आणला.
मी म्हटलं, अरे, तो कोपरा आहे,
कोपऱ्यातलं पाणी उडून जातं.
पेशी तहानेनं मेल्या होत्या, बाकी काही नाही.
केक मात्र खाल्ला. आणलाच होता.

के-अकरा मधोमध आहे.
तिथं पाणी उडत नाही.
तिथं तुझ्या पेशी आधी गोल झाल्या,
मग तळ सोडून तरंगल्या,
आणि दुसऱ्या ताटलीत, त्याच खळग्यात,
कुणा निरोगी माणसाच्या कातडीच्या पेशी
हातपाय ताणून निवांत पडल्या होत्या.
पुन्हा लावलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा मी एकटीनं लावलं, रात्री, कुणाला न सांगता.
तेच.
त्या जनुकाला धड नावही नाही, नुसता क्रमांक,
आणि पुढं दोनच शब्द: कार्य अज्ञात.

मार्चमध्ये तू फोन केलास.
धाप लागत होती, फुप्फुसात उतरलं होतं.
"काय म्हणतोय माझा पाय?"
मी म्हटलं, एक जागा सापडलीय.
"मग?"
मग त्या जागेवर बसेल असं औषध घडवायचं,
मग उंदीर, मग कागद, मग माणसं.
दहा वर्षं. बारा. किंवा काहीच नाही.
हे मी सांगायला नको होतं. नियम आहे.
तू बराच वेळ गप्प होतास, मागं कुणीतरी भांडी घासत होतं.
मग म्हणालास, "कांद्याला बी
पहिल्या वर्षी धरतच नाही.
चांगला कांदा बघून ठेवायचा, न खाता,
आणि वसंतात परत पुरायचा."
मला वाटलं, माझीच समजूत घालतोयस.
रागही आला थोडा.

वेणीतले चार कांदे उरलेत.
एकाला कोंब फुटलाय, खिडकीकडं वाकलेला.

आज गुरुवार, पाणी बदलायचा दिवस.
के-अकरा चौथ्यांदा लावलाय,
या वेळी दुसऱ्याच कुणाच्या गाठीवर.
मुलगी आहे, सतरा वर्षांची.
गाव कोणतं, ते मी विचारलं नाही.